असोसिएशन म्हणजे मी

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या आमच्या मराठी मंडळात ज्येष्ठांचा एक गट आहे. महिन्यातून एका शनिवारी दुपारी लायब्ररीतली खोली घेतात, प्रत्येकजण घरून एक पदार्थ आणतो, आणि जेवणं झाली की एकजण उभा राहून आपला प्रवास सांगतो. प्रवास म्हणजे आठ डॉलर खिशात घेऊन आलो, पहिल्या बर्फात आपटलो, मग मोटारीच्या कंपनीत वर वर चढत गेलो, तो. मी मुलाकडे राहायला आल्यापासून असे वीसेक प्रवास ऐकले. सगळ्यांच्या खिशात आठच डॉलर. नऊवाला एकही भेटला नाही.

पुढे प्रवास संपले. सांगणारे तेच आणि ऐकणारेही तेच. दुसऱ्या फेरीत कुणाचे तरी डॉलर बदलतील अशी धास्ती असावी. तेव्हा अध्यक्षांना मी आठवलो. अध्यक्ष म्हणजे हृदयाचे रिटायर डॉक्टर. माझ्याहून सात-आठ वर्षांनीच लहान, पण मला काका म्हणतात. त्यांनी माझ्या मुलाला फोन करून विचारलं, की काकांना लोकांसमोर बोलता येईल का. मी शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, की मी अशा सभांत बोललोय जिथे ऐकणारे मांडीवर दगड घेऊन बसायचे.

पत्रकावर माझ्या फोटोखाली छापून आलं, 'आफ्रिकन फुटबॉलचे माजी प्रशासक'. हा शब्द सुनेचा. सून पुण्याची, शिकलेली. शब्द मला आवडला. तिकडे आम्ही स्वतःला सेक्रेटरी म्हणायचो आणि लोक आम्हाला चोर म्हणायचे. प्रशासक कुणी म्हटलं नव्हतं.

आता थोडं मागचं. मी कोल्हापूरचा. चौथी पास, आणि वर पाचवीत तीन महिने; ते तीन महिने मी कुणाला सोडत नाही. तालमीच्या संघातून बॅकला खेळायचो. लेथवर हात बसला होता म्हणून आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्यानं नेलं. मोठ्या तळ्याच्या काठी कारखाना होता. देशाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून जिवंत आहेत, आणि खुर्च्याही त्याच आहेत.

कारखान्याच्या संघात काही वर्षं खेळलो. मग कंबर धरायला लागली, खेळ थांबला, आणि मला संघाचा सेक्रेटरी केलं. का, तर मैदानावर रेघांची पांढरी फक्की मारायला दुसरं कुणी तयार नव्हतं. सकाळी उठून फक्की मारणारा माणूस हळूहळू सगळंच करायला लागतो. गोलच्या जाळ्या तळ्यावरच्या कोळ्यांकडून विणून आणायच्या, पंचाला जेवू घालायचं, आणि सामना संपला की लोकांच्या हाती लागायच्या आत त्याला त्याच्या गावच्या ट्रकवर चढवायचं. असं करता करता जिल्ह्याच्या असोसिएशनचा सेक्रेटरी झालो. तिथल्या दोन जमाती एकमेकींच्या हातचं पाणी पीत नव्हत्या. मी कुणाचाच नव्हतो म्हणून दोघींना चाललो. असोसिएशनला कचेरी नव्हती. एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात नोंदवही, खेळाडूंची कार्डं आणि रबरी शिक्का. ट्रंक माझ्या खाटेखाली. ज्याच्याकडे शिक्का तो असोसिएशन. एका वर्षी विरुद्ध पार्टीनं दुसरा शिक्का करून आणला, तेव्हा एकाच कपाच्या दोन फायनली झाल्या आणि गावातून दोन विजेते मिरवले.

हे मी लायब्ररीत सांगितलं तेव्हा सगळे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. आमच्याच मंडळात फूट पडून ट्रॉयमध्ये आता दोन गणपती बसतात आणि दोन्ही मंडळं स्वतःलाच खरं म्हणवतात, हे तेव्हा एकालाही आठवलं नाही.

पुढे देशाच्या फुटबॉल कमिटीवर मला घेतलं. निळा ब्लेझर मिळाला. मीटिंगला पहिला विषय चहा, दुसरा विषय मागच्या मीटिंगला चहा का आला नाही, आणि तिसरा विषय निघाला की अध्यक्षांना दुसरीकडे जायचं असायचं. तरी संघ परदेशी जायचा, परत यायचा, पोरांना बूट मिळायचे. ते कसे, हे अध्यक्षांना ठाऊक नसायचं, मला असायचं. बायको म्हणायची, तुम्हाला खुर्ची दिली की तुमची मान कोंबड्यासारखी होते. होत असेल. कोंबडा आरवायचा म्हणूनच गाव उठायचं.

बावीस वर्षं हे केलं. मग नवीन अध्यक्षाचा भाचा डिग्री घेऊन आला आणि माझी ट्रंक उचलून घेऊन गेला. वर्षभरात बाजारात आमच्या नोंदवहीच्या पानांत शेंगदाणे बांधून मिळायला लागले. शिकलेल्या माणसाचा कारभार तो.

लायब्ररीत मी सव्वा तास बोललो. प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलं की मैदानावर सिंह यायचे का. मी म्हटलं, यायचे, पण तिकीट काढून. शेवटी भरात आलो आणि म्हणालो, "माझ्या सहीनं एकही खोटा कागद त्या असोसिएशनमधून बाहेर गेलेला नाही." टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी शाल घातली. कुणीतरी सगळं फोनवर घेत होतं. ते मंडळाच्या पानावर चढलं.

सुनेनं माझा एक जुना फोटो फेसबुकवर टाकला. पुढच्या ओळीत मी ब्लेझर घालून खुर्चीवर, मागे कुमारांचा संघ उभा. आठ-दहा दिवसांनी तिच्या फोनवर निरोप आला. पाठवणारी ओहायोतल्या डब्लिनची एक बाई. मागच्या ओळीत उजवीकडून दुसरे उभे आहेत ते माझे वडील, असं तिनं लिहिलं होतं. ब्लेझरवाले गृहस्थ अजून आहेत का? सुनेनं मला वाचून दाखवताना 'कसे आहेत' असं वाचलं. मुलानं खरं काय ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वडिलांचा फोन आला.

"म्झे," तो म्हणाला. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला म्झे म्हणतात. आवाज मी लगेच ओळखला. हाच आवाज डाव्या बाजूनं पळत पळत बॉल मागायचा, आणि कुणी दिला नाही की सामना संपेपर्यंत त्याच्या आईचा उद्धार करायचा. आम्ही तिकडच्या भाषेत बोललो. इतक्या वर्षांत माझी जीभ गंजली होती, पण शिव्या नीट आठवल्या आणि त्यांच्या आधारानं बाकीचंही आलं. कोण कोण मेलं ते त्यानं सांगितलं. यादी लांबली तेव्हा मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, कामाचं बोल.

काम असं होतं. बायको नर्स, तिच्यामागं तो या देशात आला. गेली कित्येक वर्षं एका गोदामात खोकी उचलतो. उजवा गुडघा संपलाय, बदलावा लागणार. ऑपरेशनसाठी दोन-तीन महिने घरी बसायचं तर नोकरी जाते, आणि नोकरी गेली की नोकरीचा विमाही जातो. पासष्ट पूर्ण झाले की इथं सरकारी विमा मिळतो. तो सदुसष्टचा आहे. पण कागदावर त्रेसष्टचा. म्हणजे खऱ्या वयानं विमा मिळून दोन वर्षं झाली असती, आणि कागदाच्या वयानं अजून दोन वर्षं खोकी उचलायची.

कागदावर त्रेसष्ट कसे झाले हे त्यानं मला सांगितलं नाही. ते मला सांगायची गरज नव्हती.

शेजारच्या देशात सोळा वर्षांखालच्या मुलांचा कप होता. त्या आधीच्या वर्षी आम्ही तिथं खरीखुरी पोरं घेऊन गेलो आणि अकरा गोल खाऊन आलो. समोरच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड सकाळी आपल्या लेकराला कडेवर घेऊन मैदान बघायला आला होता. त्या वर्षी मी ठरवलं, आपणही असलीच थोराड पोरं घ्यायची. वय ठरवायची माझी पद्धत गावाकडची. बाजारात बैल बघतात तसं तोंड उघडायला लावायचं आणि दात बघायचे. दोन दाती, चार दाती, सगळे आले की जुळला. दातात मला कुणी फसवू शकत नव्हतं. या डाव्या विंगवाल्याचं तोंड उघडलं तर खालच्या दोन्ही अक्कलदाढा आलेल्या. एकोणीस नक्की. मी हसलो आणि कार्डावर पंधरा लिहिलं, शिक्का मारला. सगळ्या संघाचे पासपोर्ट कारकुनानं माझ्या कार्डांवरून एका बैठकीत केले. बाकीच्यांनी पुढं आपापली वयं कशीतरी सरळ करून घेतली, कुणी गावी राहिले, कुणाला वयाशी काही घेणंदेणंच पडलं नाही. हा मात्र तोच पासपोर्ट नवा करत करत अमेरिकेत पोचला, आणि इथे जे एकदा संगणकात गेलं ते गेलं.

मिशनच्या चर्चमधून त्यानं बाप्तिस्म्याच्या नोंदीचं पान मागवलं होतं. त्यात खरी तारीख होती. पण वकील म्हणाला, एवढं पुरणार नाही. मग पासपोर्टावर दुसरी तारीख कशी आली, हे सांगणारं कुणीतरी पाहिजे. देशाच्या फुटबॉल कचेरीला लिहिलं तर उत्तर आलं, की त्या काळच्या नोंदी उपलब्ध नाहीत. शेंगदाण्यांचा विषय त्यांनी काढला नाही.

"तुम्ही लिहून द्याल का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, हे सगळं तेव्हाच्या अध्यक्षानं करायला लावलं होतं.

मग तो म्हणाला, "अध्यक्ष तेव्हा आजारी होते, म्झे. निवडीला शाळेच्या मैदानावर तुम्ही एकटेच आला होतात."

मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. सेक्रेटरी असताना ज्यांना कधीच काही द्यायचं नसायचं त्यांना मी बघतो म्हणायचो.

घरात कळलं तसा मुलगा ऑफिसातून लवकर आला. तो मोटारीच्या कंपनीत इंजिनियर आहे, ब्रेक तपासतो, आणि घरातही तेच करतो.

"बाबा, तुम्ही काहीही साइन करणार नाही आहात. हे फेडरल मॅटर आहे. उद्या तुमच्या ग्रीन कार्डावर काही आलं तर?"

मी म्हटलं, त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला परत पाठवायचं तर विमानात शेजारी बसायला एक नर्स द्यावी लागेल. सरकार एवढं खर्चिक काम करत नाही. तो म्हणाला, मी प्रत्येक गोष्टीचा जोक करतो. मग जरा हळू आवाजात म्हणाला, की तो व्हिडिओ अजून ऑनलाइन आहे.

दुखणं तिथंच होतं. सरकारला मी भीत नव्हतो. पण पावणेदोनशे लोकांनी तो व्हिडिओ बघितला होता, सून रोज आकडा सांगायची. खोटा कागद नाही, टाळ्या, शाल. आयुष्यात पहिल्यांदा शिकलेल्या माणसांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि आता मीच सांगायचं की कोंबडा खोटं आरवला. चार दिवस मी फोन उचलला नाही. डब्लिनचा नंबर दिसला की फोन उशीखाली घालायचो. उशीखालून तो कण्हल्यासारखा वाजायचा.

मुलानं मंडळाच्या अध्यक्षांना घरी बोलावलं, मला समजवायला. डॉक्टर आले, सोफ्यावर बसले, माझी नाडी बघावी तसा माझा हात हातात घेतला.

"काका, तुम्ही भोळे आहात. हा स्कॅम असू शकतो. आफ्रिकेतून असे फोन फार येतात."

"तो ओहायोत राहतो," मी म्हटलं.

"तेच तर," ते म्हणाले.

तेच तर म्हणजे काय हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या भाषणातल्या आफ्रिकेवर या लोकांचा केवढा जीव जडला होता. जाळ्या विणणारे कोळी आवडले, दोन शिक्के आवडले, तिकीट काढणारा सिंह तर फारच आवडला. त्याच आफ्रिकेतला एक माणूस साडेतीन तासांच्या रस्त्यावर राहतो म्हटल्यावर तो स्कॅम झाला.

मी त्यांना विचारलं, "डॉक्टर, तुमचा वाढदिवस कधी?"

त्यांना वाटलं, मी विषय बदलला. "एक जून. तुम्हाला माहीत आहे की."

माहीत होतंच. आमच्या ज्येष्ठांच्या गटात सात जणांचा वाढदिवस एक जूनला येतो. मंडळ एकच केक आणतं, सातजण मिळून सुरी धरतात. माझाही त्याच दिवशी. शाळेत घालताना मास्तरांनी डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला सांगितलं. कान हाताला लागला, तसं त्यांनी एक जून लिहून टाकलं. शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तरांना तेवढंच सोपं. खेड्यापाड्यांतली आमची अख्खी पिढी एका दिवशी जन्मली.

"आणि खरा कधी?"

"आई म्हणायची, पोळ्याच्या पुढंमागं."

"मग जून सांगून तुम्ही नोकरी केलीत, रिटायर झालात, ते काय होतं?"

"काका, ती तेव्हाची सिस्टिम होती."

"आमचीही सिस्टिमच होती."

डॉक्टर हुशार माणूस. ते म्हणाले, तीन महिने आणि चार वर्षं यात फरक आहे. मी सुनेला चहा टाकायला सांगितलं. आणखी एक फरक त्यांनी सांगितला नाही, तो माझा मला दिसत होता. मास्तरांनी माझ्या नावापुढं जून लिहिला त्यात माझं काही गेलं नाही. मी पंधरा लिहिलं त्यात एक माणूस अजून खोकी उचलत होता.

डॉक्टर गेल्यावर मी डब्लिनला फोन लावला आणि सांगितलं, ये.

तो शनिवारी आला. मुलगी गाडी चालवत होती. आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. त्या चढायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात पूर्वी तो सेंटर लाइनपासून कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत जायचा. एका हातानं कठडा, दुसरा हात मुलीच्या खांद्यावर. मी दारात उभा होतो. माझ्याहून तो सोळा वर्षांनी लहान, पण आम्हाला शेजारी उभं केलं असतं तर लोकांनी माझी खुर्ची त्याला दिली असती. डोक्याचे केस पांढरे झाले होते. वाकून त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. मुलगा मागे उभा राहून म्हणाला, हाय, नाइस टु मीट यू, आणि लगेच दार लावून घेतलं, शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून की थंडी आत येऊ नये म्हणून, ते त्यालाच ठाऊक.

वकिलानं कागद तयार करून पाठवला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुनेनं तो मला मराठीत करून सांगितला. माझं नाव, पत्ता, मी कुठल्या वर्षांत सेक्रेटरी होतो ते सगळं बरोबर. मग आलं, की त्या काळी असोसिएशनमध्ये तशी पद्धत होती आणि वरिष्ठांच्या सूचनेवरून खेळाडूचं वय कमी नोंदवण्यात आलं.

"कुणी नोंदवलं?" मी विचारलं.

"असोसिएशननं, बाबा."

"असोसिएशनला हात होते काय?"

मुलगा पुढं झाला. म्हणाला, "वकिलानं मुद्दाम तसं ड्राफ्ट केलंय. तुमच्यावर काही येत नाही, यांचंही काम होतं. विन-विन आहे. तुम्ही फक्त साइन करा." परवापर्यंत साइन करू नका म्हणणारा हाच. माझं नाव दोषात नाही म्हटल्यावर फेडरल मॅटर मावळलं होतं.

खरं सांगतो, माझं पाप धुवावं वगैरे असलं काही तेव्हा मनात आलं नाही. मला राग आला. बावीस वर्षं मी फक्की मारली, पंच पळवले, कार्डं लिहिली, शिक्का खाटेखाली घेऊन झोपलो, आणि आता कागदावर मी कुठंच नाही. वरिष्ठांची सूचना. कोण माझा वरिष्ठ? तो अध्यक्ष मरेपर्यंत मला विचारायचा, की ऑफसाइड म्हणजे नेमकं काय. असल्या माणसाच्या हाताखाली मी काम केलं, असं मी अमेरिकन सरकारला लिहून देऊ?

"खोड ते," मी सुनेला म्हटलं. "आणि लिही. असोसिएशन म्हणजे मी. तोंड मी उघडायला लावलं. अक्कलदाढा आलेल्या मी बघितल्या. एकोणीसचा आहे हे मला कळलं आणि पंधरा मी लिहिलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला कप पाहिजे होता."

सून लिहायची थांबली आणि नवऱ्याकडे बघायला लागली. मुलगा दोन्ही हातांनी कपाळ धरून बसला. पाहुण्याला मराठी कुठलं कळणार; त्याला मी त्याच्या भाषेत सगळं पुन्हा सांगितलं. एकदा सांगणं सोपं होतं. दुसऱ्यांदा, त्याच्या तोंडाकडे बघत, तितकं सोपं गेलं नाही.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण कप कुठं मिळाला? सेमीफायनलला हरलो."

"तू मोकळा गोल सोडून बाहेर मारलास."

"मी पंधरा वर्षांचा होतो ना," तो म्हणाला.

मला एवढं हसू आलं की सुनेनं पाणी आणून दिलं. तोही हसला, टेबलावर हात आपटून हसला. त्याची मुलगी हसली, बापाला हसताना बघून. मुलगा हसला नाही. त्याला कुणी भाषांतर करून दिलं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर तो गुडघा चोळत बसला. म्हणाला, "विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं, म्झे. मलाही जायचं होतं. कपाला कोण नाही म्हणतं? पण तुम्ही विचारलं नाहीत. दात बघितलेत, हसलात, आणि पुढच्याला बोलावलंत."

मी खाडाखोड केलेला कागद त्याच्या मुलीच्या हातात दिला.

मुलीनं फोन करून वकिलाकडून कागद बदलून घेतला. त्याला दोन तास लागले. वकिलानं दोनदा विचारलं म्हणे, की म्हाताऱ्यावर कुणी दबाव आणत नाही ना. दुपारी आम्ही सगळे बँकेत गेलो. तिथली नोटरी सुनेच्या वयाची, नखं निळी. तिनं विचारलं, यात काय लिहिलंय ते तुम्हाला समजलं का. मी येस म्हटलं. शपथ घेऊन खरं म्हणता का, तर येस. मुलगा शेजारी उभा राहून भिंतीवरची घरकर्जाची जाहिरात वाचत होता, शेवटपर्यंत वाचली. मी सही केली. तिकडे करायचो तीच, लांब शेपटीची. तिनं आपला शिक्का मारला. शिक्का चांगला होता, पण तिला जरा तिरका लागला. मी असतो तर पुन्हा मारला असता.

पुढच्या महिन्यात लायब्ररीत एका आजींचा प्रवास होता. तो संपल्यावर मी उठलो आणि सांगितलं, की मागं मी इथं एक वाक्य बोललो ते खोटं होतं, आणि खरं हे आहे. अध्यक्षांना मी आधी कल्पना दिली होती. ते म्हणाले होते, काका, कशाला, आपण व्हिडिओतली ती दहा सेकंदं एडिट करून टाकू, कुणाला कळणारही नाही. हाच माणूस मला भोळा म्हणाला होता. मी म्हटलं, माझ्या असोसिएशनमध्ये तुम्हाला उपाध्यक्ष केलं असतं. मी सांगून खाली बसलो, तेव्हा टाळ्या झाल्या नाहीत. एकानं विचारलं, कढी कुणी आणली होती, भांडं राहिलंय. एवढं मात्र खरं, की शाल कुणी परत मागितली नाही.

कागद जाऊन पाच महिने झाले. मधे सरकारनं दोनदा आणखी काही मागितलं, एकदा मला फोनवर प्रश्न विचारले, सुनेनं मध्ये बसून दुभाष्याचं काम केलं. मग एक दिवस डब्लिनहून फोन आला. खरं वय मानलं होतं. एका पत्रानं तो चार वर्षांनी म्हातारा झाला. त्यानं बायकोला सांगितलं तर ती म्हणाली म्हणे, मला वाटतच होतं. मधली दोन वर्षं खोकी उचलली ती उचलली, त्यांचं कुणी काही करू शकत नव्हतं. ते त्यानं मला सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं.

उन्हाळ्यात गुडघा बदलला. गोदामाची नोकरी सोडली. परवा फोन आला तेव्हा तो चालत बोलत होता. दम लागत होता, पण थांबत नव्हता. घरापासून कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत आणि परत, रोज दोनदा, असं डॉक्टरनं सांगितलंय. मी म्हटलं, मुलाला सांगतो, एक दिवस मला डब्लिनला घेऊन यायला.

"तुम्ही नका येऊ," तो म्हणाला. "मी येतो. आता मला वेळ आहे."

मी म्हटलं, जेवायच्या वेळेला ये. भाजीत सून गूळ घालते, तेवढं गप्प बसून खायचं.